घरातले दोन संगणक एकमेकांना का ओळखत नाहीत? एका बोलीचा चाळीस वर्षांचा इतिहास

१/
आजचा विषय किल्ल्याचा नाही, ताम्रपटाचाही नाही. एकाच राउटरला जोडलेले दोन संगणक, एकावरील फाइल दुसऱ्यावर उघडायची आहे, आणि दुसरा संगणक पहिल्याला ओळखच देत नाही. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. त्यामागे १९८३पासूनचा इतिहास आहे. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी प्रसंग सांगते. रत्नागिरीत आमच्या माजघरात विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना डेस्कटॉप आहे. माझ्या प्रबंधाचा विषय कोकणातील खोती. १९४९च्या कायद्याने खोती संपली, पण तिचे मोडी कागद घरोघरी उरले. आमच्याकडचे कागद बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी स्कॅन करून त्या डेस्कटॉपवर ठेवले. मूळ कागदांना पुढे वाळवी लागली. म्हणजे आज त्या ३१२ प्रतिमा हेच एकमेव साधन, आणि तेही एका म्हाताऱ्या हार्डडिस्कवर. पेनड्राइव्हचा प्रयोग करून झाला होता. डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट इतके सैल झाले आहेत की दोन फाइली अर्ध्यातच कापल्या गेल्या. तेव्हा उरला मार्ग नेटवर्कचा.

३/
डेस्कटॉपवरील फोल्डर शेअर केले. नव्या लॅपटॉपच्या नेटवर्क-यादीत डेस्कटॉप दिसेना. मग त्याच्या आयपी पत्त्यावर पिंग पाठवले, तर उत्तर तत्काळ आले. याचा अर्थ तार, राउटर, पत्ता सारे ठीक. तरीही तोच पत्ता टाकून फोल्डर उघडू गेले, तर नकार. यंत्र जागे आहे, हाकेला ओ देते, पण बोलत नाही.

येथे तीन निरनिराळे थर आहेत आणि ते वेगवेगळ्या काळी रचले गेले. तारेचा थर ठीक होता. उरले दोन: नावाचा आणि बोलीचा.

४/
नावाचा थर १९८३चा. आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक या कंपनीने ‘नेटबायोस’ तयार केले. एका कचेरीतील मोजक्या यंत्रांपुरताच तेव्हा विचार होता. म्हणून नावांची मध्यवर्ती नोंदवही ठेवलीच नाही. प्रत्येक यंत्राने सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारायची: अमुक नावाचे कोणी आहे का? नावाला १५ अक्षरे, आणि सोळावी जागा ते यंत्र कोणती सेवा देते हे सांगण्यासाठी राखीव. संगणकाचे नाव पंधरा अक्षरांहून लांब ठेवले की विंडोज आजही कुरकुरते, त्याचे मूळ येथे आहे.

ही हाक म्हणजे गावातली दवंडी. ती वेशीच्या आतच ऐकू येते. म्हणून एक संगणक घरच्या मुख्य वायफायवर आणि दुसरा पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल, तर दोघांची गाठ पडत नाही. अडचण आली की सर्वप्रथम हे तपासावे.

५/
पुढे ‘नेटवर्क नेबरहूड’ची यादी आली. ही यादी कोण सांभाळणार, हे ठरवण्यासाठी यंत्रे चक्क निवडणूक घेत, आणि साधारणतः नव्या आवृत्तीची विंडोज चालवणारे यंत्र निवडून येई. निवडून आलेल्या यंत्राकडे बाकीच्यांनी दर १२ मिनिटांनी हजेरी लावायची, तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कमी. यामुळे बंद केलेला संगणक ३६ मिनिटांपर्यंत यादीत दिसत राही, आणि चालू असलेला कधी कधी दिसतच नसे. त्या काळी ज्यांनी घरी दोन संगणक जोडले, त्यांच्या निम्म्या वैतागाचे कारण ही निवडणूक असावी, असे माझे मत.

६/
आता बोली. १९८३च्या सुमारास आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी एक नियमावली रचली. डॉसमध्ये फाइल उघडण्याच्या ज्या आज्ञा असतात, त्याच नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला देता याव्यात, एवढाच हेतू. आरंभी तिला त्यांच्याच आद्याक्षरांचे नाव होते, पुढे ती एसएमबी झाली. मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. ऑक्टोबर १९९२मध्ये ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ आले आणि ती सामान्य पीसीपर्यंत पोचली.

या नियमावलीच्या आवृत्त्यांना मूळ परिभाषेतच ‘बोली’ म्हणतात. दोन यंत्रे भेटली की एक आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पुढे ठेवते आणि दुसरे त्यातील एक निवडते. समान बोली नसेल, तर संभाषण तेथेच संपते.

७/
यानंतरचा भाग मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्याचा नायक आपल्यासारखाच विद्यार्थी आहे.

डिसेंबर १९९१. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हा चोवीस वर्षांचा तरुण पीएचडी करत होता. त्याला आपल्या डॉसच्या पीसीवरून विभागातील युनिक्स यंत्रावरच्या फाइली उघडायच्या होत्या. पीसीवर ‘डिजिटल’ कंपनीचे पाथवर्क्स होते. ते कोणती बोली बोलते, याचा कागद त्याच्यापाशी नव्हता. तेव्हा त्याने तारेतून जाणारे संदेश टिपायला आरंभ केला. यंत्राने काय विचारले, पलीकडून काय आले, हे बाइटामागून बाइट पाहत तो अर्थ लावत गेला.

ही पद्धत त्याने पुढे एका दृष्टांताने समजावली: फ्रेंच न येणाऱ्या माणसाने फ्रेंच उपाहारगृहात बसून, गिऱ्हाईक काय म्हणते आणि वेटर काय आणून ठेवतो, हे पाहत भाषा शिकावी. आपल्याला याहून जवळचे उदाहरण आहे. सांचीच्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे पुनःपुन्हा येतात, हे हेरून जेम्स प्रिन्सेपने १८३७मध्ये तेथे ‘दानं’ वाचले आणि ब्राह्मीचे कुलूप निघाले. रीत तीच.

८/
जानेवारी १९९२मध्ये त्याने आपला प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला आणि तो बाजूस ठेवून प्रबंधाकडे वळला. जवळजवळ दोन वर्षांनी घरी पत्नीचा विंडोज पीसी आपल्या लिनक्स यंत्राला जोडायची वेळ आली. दुसरे काही हाताशी नव्हते, म्हणून तोच जुना प्रोग्रॅम लावून पाहिला, आणि तो चालला! पाथवर्क्सची म्हणून आपण उलगडली ती बोली मायक्रोसॉफ्टचीही आहे, हे त्याला तेव्हा उमगले. म्हणजे या महत्त्वाच्या प्रकल्पाचा दुसरा जन्म घरातील दोन संगणक जोडण्याच्या खटपटीतून झाला.

नावाची गंमत अशी. ‘एसएमबी सर्व्हर’ या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला. मग त्याने यंत्रातील शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यात ‘सॅल्मनबेरी’ होता, ‘स्क्रॅम्बल’ होता, आणि ‘सांबा’ होता.

९/
न्यायालयीन पर्व थोडक्यात. मार्च २००४मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि ही बोली प्रतिस्पर्ध्यांना कळवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयाने तो कायम केला. त्याच डिसेंबरात १०,००० युरो एकरकमी भरून सांबाच्या मंडळींना अधिकृत कागदपत्रे मिळाली. तोवर सोळा वर्षे कान देऊनच काम चालले होते.

१०/
मग २०१७. एसएमबीची पहिली पिढी वापरणे थांबवा, असे मायक्रोसॉफ्टमधील नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६मध्येच जाहीरपणे विनवले होते. अमेरिकी गुप्तहेर संस्थेने या पिढीतील एका त्रुटीवर बनवलेले ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार एप्रिल २०१७मध्ये चव्हाट्यावर आले. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ती बसवली अनेकांनी नव्हती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला आणि ब्रिटनच्या रुग्णालयांपर्यंत पोचला.

२७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आला. तोही इतर मार्गांबरोबर ही त्रुटी वापरत होता. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, आणि आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कला पुढे दहा दिवसांत ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. कचेरीतल्या चार यंत्रांसाठी रचलेल्या बोलीने कंटेनर अडवले.

११/
ऑक्टोबर २०१७पासून विंडोज १०च्या नव्या प्रतींत ही पहिली पिढी मुळातच बसवलेली नसते. पाचव्या भागातील निवडणुकीची यादी तिच्यावरच उभी होती, म्हणून तीही गेली. एक्सपीला मात्र पहिल्या पिढीखेरीज काही येत नाही. दुसरी पिढी व्हिस्टापासून आली. आमच्या माजघरातला पेच सुटला तो येथे: यादीत नाव का नाही आणि फोल्डर का उघडत नाही, या दोहोंचे उत्तर एकच होते.

१२/
‘लॅपटॉपवर जुनी एसएमबी चालू करा’ हा सल्ला तुम्हांला कुठेही मिळेल. तो चालतोही. मला तो पटला नाही. ते कवाड उघडून नंतर लावायला विसरणारे पुष्कळ असतात, आणि मी विसराळू आहे.

त्याऐवजी जुन्या यंत्रांना झेपेल अशी हलकी लिनक्स डीव्हीडीवर घेतली आणि डेस्कटॉप त्या डीव्हीडीवरूनच चालू केला. हार्डडिस्क केवळ वाचण्यापुरती जोडली, म्हणजे बाबांच्या फाइलींना धक्का नको. त्यावर सांबा. सांबाला नव्या पिढीच्या बोली येतात, त्यामुळे यंत्र तेच राहून बोली बदलली.

१३/
पहिल्या प्रयत्नात पासवर्ड नाकारला गेला. लिनक्सचा पासवर्ड अचूक टाकत होते, तरीही. कारण पुन्हा ऐतिहासिक: युनिक्स आणि विंडोज पासवर्डाची खूण निरनिराळ्या रीतीने साठवतात, एकीवरून दुसरी काढता येत नाही. म्हणून सांबा स्वतःची वेगळी नोंद ठेवतो आणि तेथे पासवर्ड स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. तो नोंदवला, आणि फोल्डर उघडले.

बाबा मागे उभे होते. “सगळं आलं का गं?” मी दोन्हीकडे मोजले. ३१२ आणि ३१२. अर्ध्यात कापल्या गेलेल्या त्या दोन फाइली आधी उघडून पाहिल्या, मग डीव्हीडी बाहेर काढली.