फोटो अपलोड होत नाही? जेपीजी, पीएनजी आणि केबीचं गणित समजून घ्या

ऑनलाइन अर्ज भरताना ‘फाइल साइज जास्त’ किंवा ‘फॉरमॅट चुकीचा’ असा मेसेज येतो आणि अर्ज तिथंच अडकतो. त्यासाठी एवढं माहीत हवं.

जेपीजी : मोबाइल कॅमेऱ्याचा नेहमीचा फोटो. डोळ्याला सहज न दिसणारे बारकावे काढून फाइल लहान केलेली असते. गेलेले बारकावे परत येत नाहीत.

पीएनजी : स्क्रीनशॉट बहुधा यात असतो. काहीच कापलं जात नाही, अक्षरं स्पष्ट राहतात. पण कॅमेऱ्याचा फोटो यात ठेवला तर फाइल मोठी होते.

एचईआयसी : आयफोनचा फोटो. जागा कमी घेतो, पण बऱ्याच वेबसाइटवर चालत नाही. आधी जेपीजी करून घ्या. फाइलचं नुसतं नाव बदलून फॉरमॅट बदलत नाही.

१ एमबी म्हणजे सुमारे १००० केबी. २ एमबीचा फोटो ५० केबीत बसवायचा तर आधी कडेचा नको तो भाग क्रॉप करा, मग रिसाइज करा.

सातबारा, गुणपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की फाइल आणखी दाबली जाते, गट नंबरासारखे बारीक आकडे पुसट होतात. म्हणून ‘डॉक्युमेंट’मधून पाठवा. मूळ फोटो डिलीट करू नका. दर वेळी त्याच्यावरूनच नवी लहान कॉपी काढा.