बॉनी प्रिन्स चार्ली (चित्रपट, १९४८)

स्कॉटलंडमधील १७४५ च्या जॅकोबाइट बंडावरील ब्रिटिश ऐतिहासिक चित्रपट. अलेक्झांडर कोर्डा यांच्या लंडन फिल्म्सची निर्मिती. पटकथा क्लेमन्स डेन यांची, टेक्निकलर छायाचित्रण रॉबर्ट क्रॅस्कर यांचे. प्रमुख भूमिका : डेव्हिड निव्हन (चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट), मार्गारेट लेटन (फ्लोरा मॅकडॉनल्ड), जॅक हॉकिन्स (लॉर्ड जॉर्ज मरी).

जॅकोबाइट म्हणजे राज्य गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याचे पाठीराखे. त्या घराण्याचा वारस राजपुत्र चार्ल्स १७४५ च्या जुलैत एरिस्के बेटावर उतरला. १९ ऑगस्टला त्याने ग्लेनफिनन येथे निशाण उभारले, सप्टेंबरात प्रेस्टनपॅन्सला सरकारी फौजेची दाणादाण उडवली आणि डिसेंबरात डर्बी गाठली. लंडन तेथून सुमारे २०० किलोमीटर. पण इंग्लंडमधले पाठीराखे उठले नव्हते, फ्रान्सची कुमक आली नव्हती. मरी आणि इतर सरदारांनी माघारीचा आग्रह धरला. राजपुत्राला पुढेच जायचे होते, पण अखेर माघार घ्यावी लागली. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर पराभव होऊन तासाभराच्या आत बंड संपले. फरार राजपुत्राच्या शिरावर ३०,००० पौंडांचे इनाम होते. फ्लोराने त्याला बेटी बर्क नावाच्या आयरिश दासीचा वेश देऊन होडीतून स्काय बेटावर पोहोचवले.

एवढे नाट्य आयते हाती असूनही चित्रपट सपशेल आपटला. चित्रीकरण रेंगाळले, दिग्दर्शक बदलत गेले. श्रेय अखेर अँथनी किमिन्स यांना मिळाले. बंडाच्या वेळी राजपुत्र २४ वर्षांचा होता, निव्हन सदतिशी ओलांडलेले. सोनेरी केसांचा टोप चढवूनही त्यांच्यात त्या तरुणाची बेदरकारी दिसत नाही. हायलँड्सच्या खऱ्या डोंगरदऱ्यांना स्टुडिओतले रंगवलेले पडदे जोडल्याने दृश्यांचा सांधा उघडा पडतो. समीक्षकांनी संथ गती आणि निव्हन यांची निवड या दोन्हींवर टीका केली, प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. निव्हन यांनी पुढे आत्मचरित्रात या चित्रपटाची गत सुरुवातीपासूनच दिसत होती, असे नमूद केले.

खरा दोष मात्र दृष्टीचा आहे. पुढे जायचे की मागे फिरायचे, हा डर्बीतला पेच या इतिहासाचा कणा. दोन्ही बाजूंना आपापले सबळ कारण होते. चित्रपटाला त्याहून राजपुत्राची देखणी छबी प्रिय आहे, त्यामुळे त्याच्या शब्दावर घरदार पणाला लावणारी माणसे मागे उभी असलेली गर्दी होऊन राहतात. त्या माणसांना न्याय मिळाला तो पीटर वॉटकिन्स यांच्या ‘कलोडन’ या १९६४ च्या बीबीसी चित्रपटात. हौशी कलाकार घेऊन, बातमीपटाच्या धर्तीवर त्यांनी ही लढाई साध्या सैनिकांच्या बाजूने मांडली.