देवी काढणें

ज्या रोगाला मराठींत ‘देवी’ म्हणत, त्याच्या टोचणीलाही लोकांनीं ‘देवी काढणें’ असेंच म्हटलें. या शब्दांमागील समजूत आरोग्यखात्यानें वेळींच जाणली असती, तर उभयपक्षीं पुष्कळ त्रास वांचला असता, असें आम्हांस वाटतें.

जेन्नरची लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यांत आली. त्या काळीं लस फार दिवस टिकत नसे. म्हणून एका मुलाच्या दंडावरील फोडांतला द्रव दुसऱ्याच्या दंडांत घालीत. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील तळें गांवच्या एखाद्या आईच्या जागीं वाचकांनीं स्वतःस कल्पावें. परक्या मुलाच्या फोडांतला द्रव आपल्या पोराच्या अंगांत जाऊं देण्यास ती कचरली, तर तिला अडाणी म्हणावें काय? अशा नकारांत जातिभेदाचा अंश असे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु १८६१ सालीं इटलींतील रिव्हाल्टा येथें याच रीतीनें टोचलेल्या अनेक मुलांना उपदंश जडला. तेव्हां ती भीति अगदींच निराधार नव्हती. पुढें वासरांच्या अंगावर लस तयार होऊं लागली आणि या आक्षेपाचें मूळच नाहींसें झालें.

घरांतील रीतही पाहावी. याच जिल्ह्यांत चौलास शितळादेवीचें देऊळ आहे. तिला मानणाऱ्या घरीं आजारी मुलाचें अंथरूण निराळें, दाराशीं कडुनिंबाचा डहाळा आणि परक्यास मज्जाव. डॉक्टर ज्याला विलगीकरण म्हणतात, तेंच येथें देवीच्या सोंवळ्याच्या नांवानें चाले. नुसत्या नवसानें मूल वांचत नसे, लस हवीच होती. पण या सोंवळ्याशीं तिचें वैर नव्हतें.

लोकांची रीत तुडविली म्हणजे काय होतें, तें १८९७ च्या प्लेगांत पुण्यानें पाहिलें. गोरे सोजीर तपासणीसाठीं घराघरांत शिरले. लोक रोगी लपवूं लागले. शेवटीं २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. रोगी लपला कीं रोग मोकळा सुटतो.

१९७५ नंतर भारतांत देवीचा रोगी आढळला नाहीं. १९८० सालीं जगांतूनच तिचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. हा विजय लसीचा खरा. पण रोग्याचें चित्र हातीं घेऊन दारोदार विचारपूस करणाऱ्यांचाही तो तितकाच होय. पुढील साथींत लोकांस दूषण देण्यापूर्वीं, ते कशास भितात एवढें तरी आपण विचारावें.