खांद्याला विचारा: स्कीट आणि सेमी-ऑटो बंदुकीची गोष्ट

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. आपले काही श्रोते अमेरिकेत असतात. तिथल्या गन क्लबात सुट्टीच्या दिवशी स्कीट खेळायला जातात आणि काही दिवसांनी त्यांना स्वतःची बंदूक घ्यावीशी वाटते. मग प्रश्न येतो: सेमी-ऑटो घ्यायची तर कोणती? दुकानदार या प्रश्नाचं उत्तर किमतीनं देतो. मी ते इतिहासानं देणार आहे. कारण या बंदुकीत आज जे जे पारखून घ्यायचं असतं, ते बहुतेक सगळं कुणाच्या तरी दुखऱ्या खांद्यातून आलेलं आहे.

आधी खेळ समजून घेऊ. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं अँडोव्हर गाव. पहिलं महायुद्ध संपून थोडाच काळ लोटलेला. चार्ल्स डेव्हिस हे तिथले शिकारी कुत्र्यांचे पैदासकार. ते, त्यांचा मुलगा आणि विल्यम हार्न्डन फॉस्टर हा त्यांचा तरुण मित्र, तिघांनाही ग्राऊस या रानपक्ष्याच्या शिकारीचा नाद. हंगाम नसताना सराव कसा करायचा? उडत्या तबकड्या फोडायचा ट्रॅप नावाचा खेळ तेव्हा होताच, पण त्यात तबकडी नेहमी नेमबाजापासून दूर पळते. जंगलातला पक्षी असा शहाण्यासारखा सरळ थोडाच जातो? तो डावीकडून येतो, उजवीकडून येतो, कधी डोक्यावरून फडफडत जातो.

म्हणून त्यांनी 25 यार्ड त्रिज्येचं एक वर्तुळ आखलं. घड्याळाच्या तबकडीसारख्या त्यावर बारा जागा केल्या. बाराच्या आकड्यावर तबकडी फेकणारं यंत्र बसवलं. प्रत्येक जागेवरून दोन बार झाले की चोवीस होतात. काडतुसांचा डबा पंचवीसचा, तेव्हा उरलेलं एक मध्यभागी उभं राहून उडवायचं. हिशेब चोख!

मग शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या. सगळीकडे गोळीबार करणारा हा खेळ कोंबड्यांवर छर्रे पाडू लागला, तेव्हा वर्तुळ अर्धं कापावं लागलं. पण कोन तर सगळे हवेत. मग दुसरं यंत्र समोरच्या टोकाला बसवलं. आज जगभरच्या स्कीटच्या मैदानावर एक उंच घर आणि एक बुटकं घर दिसतं, दोन्हीकडून तबकड्या एकमेकींना छेदत जातात. त्या रचनेचं श्रेय अर्धं फॉस्टरचं आणि अर्धं त्या कोंबड्यांचं. फॉस्टर पुढे एका शिकारविषयक मासिकाचा संपादक झाला. 1926 साली त्यानं या खेळाच्या नावासाठी 100 डॉलरचं बक्षीस लावलं. मॉन्टाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी ‘स्कीट’ हे नाव सुचवून ते जिंकलं. बंदूक उडवणे या अर्थाच्या एका स्कँडिनेव्हियन शब्दावरून हे नाव घेतल्याचं सांगतात.

आता बंदुकीकडे वळू. त्यासाठी पाव शतक मागे जावं लागेल. जॉन मोझेस ब्राउनिंग हा युटा राज्यातला बंदूककार. त्यानं विंचेस्टर कंपनीला वर्षानुवर्षं आपली डिझाइन्स एकरकमी विकली होती. शतकाच्या शेवटी त्यानं स्वतःहून पुढचं काडतूस भरणारी छऱ्र्यांची बंदूक तयार केली आणि या वेळी अट घातली: एकरकमी पैसे नकोत, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे वाटा हवा. विंचेस्टरनं नकार दिला. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला. जानेवारी 1902 मध्ये तो कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीची वाट बघत बसला होता, तेवढ्यात आतून निरोप आला की हार्टली हृदयविकारानं गेले. ब्राउनिंगनं सरळ बेल्जियम गाठलं. तिथल्या एफएन कारखान्यानं बंदूक काढली. हीच पुढे ‘ऑटो-5’ म्हणून गाजली. पाठीवर चौकोनी कुबड असलेली, दिसायला ओबडधोबड. 1905 पासून तीच बंदूक रेमिंग्टन अमेरिकेत ‘मॉडेल 11’ म्हणून बनवू लागली.

विंचेस्टरला आता पश्चात्ताप झाला, पण पेटंटांचं कुंपण पक्कं होतं. खटका मागे ओढायची मूठसुद्धा पेटंटात अडकलेली. म्हणून त्यांच्या 1911 च्या मॉडेलमध्ये मूठच ठेवली नाही. बंदूक सज्ज करायला नळी धरून मागे ढकलायची. काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीवर टेकवत आणि नळीचं तोंड स्वतःच्या तोंडासमोर ठेवून जोर लावत. त्या बंदुकीचं टोपणनाव पडलं ‘विधवा करणारी’. जुन्या बाजारात ती आजही कधी दिसते. भिंतीवर टांगायला हरकत नाही.

ऑटो-5 चालते कशी, हे दोन मिनिटं समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. बार झाला की नळी आणि खटका दोन्ही एकत्र मागे सरकतात, पार शेवटपर्यंत. मग नळी एकटी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, खटका नवं काडतूस घेऊन नळीमागे जातो. एवढं जड लोखंड मागे येणार, तर त्याला लगाम हवा. त्यासाठी आत घर्षणाच्या कड्या असतात. हलकं काडतूस असेल तर त्या एका क्रमानं लावायच्या, जड असेल तर दुसऱ्या. क्रम चुकला तर लोखंड थेट मागे आदळतं. खांदा काळानिळा होतो, पुढचं लाकूडही तडकतं. जुनी ऑटो-5 विकत घेताना पुढची लाकडी मूठ उलटी करून तडे बघावेत असं जाणकार सांगतात, ते याचसाठी.

शिकाऱ्याला याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यानं दिवसभरात उडवून उडवून किती बार उडवावेत? पाच, दहा. पण स्कीटच्या एका फेरीत पंचवीस, आणि स्पर्धेत शंभर. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे 32 ग्रॅम शिसं असायचं. म्हणजे एका दिवसात सव्वातीन किलो शिसं खांद्याच्या जोरावर पुढे फेकायचं. खांदा ते सहन करतो, मन करत नाही. साठ-सत्तर बारांनंतर चाप ओढायच्या क्षणाआधीच शरीर आक्रसतं, डोळा मिटतो, नळी हलते. घोडा बुजतो तसा नेमबाज बुजतो. एकदा ही सवय लागली की सुटता सुटत नाही, आणि पुष्कळ चांगले नेमबाज तिच्यापायी खेळातून बाहेर पडले. बंदूक निवडताना खरी जोखीम ही आहे.

बंदुकीच्या तोंडाला जाळीदार नळकांडं बसवून धक्का कमी करायचा उपाय तेव्हा निघाला होता. कट्स कॉम्पेन्सेटर त्याचं नाव. धक्का कमी व्हायचा खरा, पण आवाज बाजूच्या माणसाच्या कानात जायचा. शेजारी उभ्या मित्राची मैत्री किती टिकायची, हा वेगळा प्रश्न.

दुसऱ्या महायुद्धात या खेळाला अचानक सरकारी प्रतिष्ठा मिळाली. विमानातून बंदूक चालवणाऱ्या सैनिकांना उडत्या लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा हे शिकवायचं होतं, आणि स्कीट दुसरं काय शिकवतं? अमेरिकी सैन्यानं प्रशिक्षणाला रेमिंग्टनच्या मॉडेल 11 बंदुका घेतल्या. धावत्या ट्रकवरून पोरं तबकड्या फोडू लागली.

खरा पालट झाला 1963 साली. रेमिंग्टननं ‘मॉडेल 1100’ काढली. गॅसवर चालणाऱ्या छऱ्र्यांच्या बंदुका त्याआधीही आल्या होत्या, पण एवढी जमून आलेली ही पहिली. नळीला खालून बारीक छिद्र, त्यातून जळलेल्या दारूचा थोडा वायू बाहेर येतो, एका कड्याला ढकलतो आणि ते कडं खटका मागे नेतं. नळी आपल्या जागी स्थिर. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वजन आणि काडतूस तेच असेल तर एकूण धक्का तेवढाच राहतो, पदार्थविज्ञान कुणाला सूट देत नाही. पण तो जास्त वेळात पसरतो. थप्पड बसण्याऐवजी कुणी तळव्यानं ढकलावं तसा येतो. शंभराव्या बारालाही खांदा तक्रार करत नाही. स्कीटच्या मैदानांवर 1100 नं जवळजवळ राज्य केलं. अमेरिकी स्कीटमध्ये 12, 20, 28 आणि 410 अशा चार बोअरच्या स्पर्धा असतात. 1969 पर्यंत 1100 या चारही बोअरमध्ये मिळू लागली होती.

मग आज स्पर्धांत वरखाली नळ्यांची दुनळीच का दिसते? कारण पुढे दुनळीच्या नळीत बसणाऱ्या हलक्या नळ्या निघाल्या. एकच बंदूक, तोच दस्ता, तेच वजन, आणि चारही बोअर. स्पर्धकाला हे सोन्याहून पिवळं. ऑलिम्पिकच्या स्कीटमध्ये नियमानं सेमी-ऑटो चालते, पण तिथेही दुनळ्यांचंच राज्य आहे. आपला मैराज अहमद खान 2016 साली रिओला गेला, ऑलिम्पिक स्कीटमध्ये उतरला, तो त्याच दुनळीच्या जगातला. पण तुम्ही चार बोअर खेळणार नसाल, केवळ रविवारची करमणूक हवी असेल, तर स्पर्धकांची नक्कल करायचं कारण नाही. दुनळीचा एक मोठा फायदा म्हणजे दोन नळ्यांना दोन वेगळे चोक. पण स्कीटमध्ये दोन्ही तबकड्या साधारण सारख्याच अंतरावर, वीसेक यार्डांवर फुटतात. तिथे एकच मोकळा चोक पुरतो. तो फायदा इथे वाया जातो.

आता घ्यायची कोणती? गॅसची किंवा इनर्शियाची, असे दोन मार्ग उरले आहेत. दुसरा मार्ग इटलीच्या बेनेली कंपनीचा. ही कंपनी 1967 ची. यात वायू आतल्या यंत्रणेकडे वळवतच नाहीत. मागे येणाऱ्या बंदुकीत खटका क्षणभर जागीच राहतो आणि मधली स्प्रिंग दाबली जाते, तिच्यावर सगळं चालतं. बंदूक हलकी, आतून स्वच्छ. चिखलपाण्यातल्या शिकाऱ्याला उत्तम. पण हलकी बंदूक आणि धक्का मऊ करणारं काही नाही, म्हणून शंभर बारांच्या दिवशी ती खांद्याला जाणवते. माझं मत विचाराल तर स्कीटसाठी गॅसची घ्या, आणि साडेतीन किलोच्या आसपास वजनाची घ्या. दुकानात हातात धरून हलकी बंदूक आवडते, मैदानावर जड. बेरेटाच्या 390, 391 आणि त्यानंतरच्या बंदुका याच गॅसच्या घराण्यातल्या. कमी-जास्त जोराच्या काडतुसांना त्या आपण होऊन जुळवून घेतात. जुनी 1100 स्वस्तात मिळाली तर तीही वाईट नाही.

पण नाव बघण्याआधी दस्ता बघा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. नळीची पट्टी सरळ दिसली तर बंदूक तुमची. नळीचा पृष्ठभागच दिसला नाही, किंवा अर्धा फूट वरून दिसला, तर कितीही नामांकित असो, ठेवून द्या किंवा दस्ता बदलून घ्या. सडपातळ बांध्याच्या माणसानं, मुलांनी, खांदा दुखावलेल्यांनी 20 बोअरची गॅसची बंदूक नक्की हाताळून बघावी. नळी 28 इंचाची असली की झोका बरा बसतो.

डावखुऱ्यांनी रिकामी काडतुसं डोळ्यांसमोरून जातात हे लक्षात ठेवून डावखुरी आवृत्ती शोधावी. आणि उजव्यांनी उजवीकडे उभ्या माणसाचा विचार करावा, कारण गरम काडतूस त्याच्या कॉलरमध्ये जाऊ शकतं. काडतूस अडवणारी छोटी पट्टी मिळते, ती लावा. दुनळी मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. सेमी-ऑटोचं तसं नाही. म्हणून खटका मागे अडकवून, कक्षात रंगीत झेंडी खुपसूनच मैदानावर फिरायचं. गॅसच्या बंदुकीत काजळी साठते, तेव्हा घरी आल्यावर पुढची मूठ काढून नळकांडं पुसायचं. आणि 1100 घेतली असेल तर नळीखालचं रबरी कडं झिजतं. किंमत नगण्य, पण ते तुटलं की त्या दिवसाचा खेळ संपला, म्हणून दोन कडी पिशवीत ठेवा.