वायूचा हिशेब कुणाच्या वहीत?

हवामान बदलाची गोष्ट निघाली, की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्यांची धुरांडी आणि मोटारींच्या रांगा येतात. पण मंडळी, गेली तीन दशकं या खटल्यात आणखी एक आरोपी उभा आहे. तो म्हणजे शेतकऱ्याचा गोठा आणि त्याचं भाताचं खाचर. मी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा. आमच्या भागात ज्वारी, तूर, कापूस, सोयाबीन. भात नावालाही नाही. पण दावणीला जनावर आहे, म्हणून या खटल्याशी आमचा संबंध येतोच.

आरोप समजायला सोपा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन वायू तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. पाणी तुंबलेल्या खाचरात चिखलापर्यंत हवा पोचत नाही, तिथंही हाच वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापदायक. मात्र हवेत टिकतो साधारण बाराच वर्षं.

वादाला तोंड फुटलं १९९० च्या सुमारास. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा, की भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो. हा आकडा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या शेतांवरून काढलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकारानं १९९१ मध्ये देशातल्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन, म्हणजे जवळपास नवव्या हिश्शाइतकं! आपल्याकडचा बराच भात पावसाच्या भरवशावर, खाचरात कायम पाणी नसतंच.

त्याच १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी मोठा प्रश्न विचारला. पोटासाठी पिकवलेल्या भाताचा वायू आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत तोलायचा का? हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा झाली; भारतानं तिच्यावर सही केली नाही.

श्रीमंत देशांतले शेतकरीही मुकाट्यानं मान डोलावत नाहीत. न्यूझीलंडमध्ये २००३ साली जनावरांच्या वायूवर कर सुचवला गेला, तेव्हा संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढला आणि कर बारगळला. डेन्मार्कनं मात्र २०३० पासून असा कर लावायचं २०२४ मध्ये ठरवलं.

मग आपण निर्दोष का? तसंही नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-म्हशी मिळून ३० कोटींहून अधिक जनावरं होती. निकस चाऱ्यावर जगणारी गाय दूध थोडं देते, त्यामुळं लिटरमागे वायू जास्त पडतो. चारा सुधारला तर दूध वाढतं आणि लिटरमागचा वायू घटतो; यात शेतकऱ्याचाही फायदाच. उसाचं पाचट न जाळता कुजवलं, युरिया मोजून टाकला, तरी खर्च वाचतो आणि जमीन सुधारते.

आणि हवामानाचा फटका आधी कुणाला बसतो? आमच्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ मध्ये ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. दुष्काळात जनावरं जगवायला चारा छावण्या उघडाव्या लागतात. ज्याच्या गायीला छावणीत न्यावं लागतं, त्याच्याकडूनच तिच्या ढेकरेचा दंड मागणं न्यायाचं नाही.

म्हणून मला वाटतं, वायू मोजलाच पाहिजे, पण आपल्या शेतात, आपल्या मापानं. कमीही केला पाहिजे, पण चांगला चारा, पाणी आणि सल्ला शेतकऱ्याच्या दारी पोचवून. डॉ. मित्रांच्या मोजणीनं एक धडा दिला आहे: दुसऱ्यानं लिहिलेल्या हिशेबावर नुसतं रागावून भागत नाही, आपली वही आपण लिहावी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)