हॅमचा मळसूत्री काप



आज ज्या पदार्थाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तो आपल्यांतील पुष्कळांच्या ताटांत कधीं पडला नसेल व पुढेंही पडणार नाहीं. पण इतिहासाला सोंवळें नसतें. सणाच्या दिवशीं पानांत काय वाढलें जातें आणि वाढण्याचा मान कोणाचा, एवढें पाहिलें तरी एखाद्या समाजाची बरीच ओळख पटते. अमेरिकेंत नाताळच्या किंवा ईस्टरच्या दिवशीं कित्येक घरीं मेजाच्या मध्यभागीं एक भलें मोठें हॅम, म्हणजे डुकराची खारवून धुरावलेली मागची मांडी, ठेवलेलें असतें. वर मधाचा किंवा साखरेचा तांबूस, काचेसारखा लकाकणारा लेप. आणि आंत, हाडाभोंवतीं गोल जिन्याप्रमाणें फिरत गेलेला एकच अखंड काप! हा लेप फार प्राचीन आहे, आणि हा काप केवळ विसाव्या शतकांतला. या दोहोंची गांठ कशी पडली व ती पडतांना काय हातीं आलें आणि काय सुटलें, हें आज पाहावयाचें आहे.

आरंभ मिठापासून करूं. रोमचा कठोर मुत्सद्दी थोरला कॅटो यानें इसवी सनापूर्वी १६० च्या सुमारास शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटीं हॅम खारविण्याची कृति दिली आहे. रांजणाच्या तळाशीं मीठ पसरावें, त्यावर मांड्या रचाव्या, मध्यें मध्यें पुन्हा मीठ घालावें. पांच दिवसांनीं वरच्या खालीं व खालच्या वर कराव्या. बारा दिवसांनीं काढून पुसाव्या, वाऱ्यावर टांगाव्या, तेल चोळावें, दोन दिवस धुरी द्यावी, आणि शेवटीं तेल व शिरका लावून ठेवाव्या. आपल्या घरच्या लोणच्याच्या बरणीमागें जें शास्त्र आहे, तेंच येथें आहे. मीठ पाणी ओढून घेतें, आणि पाण्यावांचून कुजविणाऱ्या जंतूंचें कांहीं चालत नाहीं. आपल्या गोमांतकांत डुकराचें मांस मीठ, मिरची व शिरका यांत मुरवून चोरीस करतात, तोही याच विद्येचा पोर्तुगीजांबरोबर आलेला एक प्रकार होय.

थंड हवेच्या देशांत डुकरें मारावयाचीं तीं हिवाळ्याच्या तोंडाशीं; मांड्या थंडीभर मुरत ठेवावयाच्या; आणि वसंत ऋतु आला, कीं त्या खाण्याजोग्या होत. ईस्टरचा सण नेमका त्याच सुमारास येतो. बर्फाच्या कपाटापूर्वीच्या काळीं हॅमला सणाचा मान मिळाला, त्याचें एक कारण असें साध्या पंचांगांत सांपडतें.

आतां लेपाकडे वळूं. एपिशियस याच्या नांवावर चालत आलेला एक रोमन पाकग्रंथ आहे. त्यांत हॅम सुक्या अंजिरांबरोबर व तमालासारख्या सुगंधी पानांबरोबर शिजवावें, कातडें काढून चौकटी-चौकटीच्या चिरा पाडाव्या, त्या चिरांत मध भरावा आणि वर कणकेचें आवरण घालून भाजावें, असें सांगितलें आहे. आजही अमेरिकन गृहिणी हॅमच्या चरबीवर सुरीनें तशाच चौकटी आंखते, त्यांत लवंगा खोंचते व वर मध किंवा गूळसर साखर चोपडते. यांत नुसती शोभा नाहीं. खाऱ्याला गोडाची जोड लागते, हें आंबटगोड वरणावर वाढलेल्या आपणां लोकांना कोणी शिकवावयास नको. शिवाय उष्णतेनें साखर करपण्याच्या बेतांत आली, कीं तिला किंचित् कडवट असा नवाच स्वाद येतो, आणि चरबीच्या स्निग्धपणावर तो विशेष खुलतो.

एवढें सगळें साधलें, तरी एक अडचण उरे, ती कापण्याची. हॅमच्या मधोमध मांडीचें हाड, एका टोंकाला कमरेच्या हाडाचा वांकडा तुकडा, आणि स्नायूंचे धागे निरनिराळ्या दिशांना गेलेले. पहिले चार काप सुरेख निघतात. मग सुरी हाडावर अडते आणि पुढचे पाहुणे चिंध्या खातात. म्हणूनच युरोपांत मांस कापणें ही एक प्रतिष्ठेची कला होऊन बसली. इंग्लंडांत १५०८ मध्यें या कलेवर स्वतंत्र पुस्तक छापलें गेलें. अठराव्या शतकांत लॉर्ड चेस्टरफील्डनें आपल्या मुलाला सभ्य गृहस्थाचे जे गुण पत्रांतून शिकविले, त्यांत हाही एक होता. घरचा कर्ता पुरुष उभा राहून सुरी हातीं घेई, आणि कोणाच्या वांट्याला कोणता तुकडा जावयाचा, हें तोच ठरवी. त्या सुरींत कौशल्य होतें, आणि सत्ताही होती.

ही सुरी ज्यानें मेजावरून उतरविली, तो स्वतः सुरीचाच शिक्षक होता, ही या कथेंतली मौज. डेट्रॉइट शहरांत हॅरी होन्सेलार नांवाचा एक विक्रेता मधाचें हॅम लोकांस चाखावयास देई, आणि औषधांच्या दुकानांत जे खाण्याचे कट्टे असत, तेथल्या नोकरांना तें नीट कसें कापावें हें शिकवी. शिकविलेलें विसरणारे हात त्यानें किती पाहिले असतील, याची कल्पनाच करावी! त्याच्या कुटुंबांत अशी हकीकत सांगतात, कीं यंत्राची कल्पना त्याला स्वप्नांत सुचली, आणि मोटारीचा जॅक, पाय भाजण्याची थाळी, कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर व एक सुरी एवढ्या सामग्रीवर त्यानें पहिला नमुना उभा केला. स्वप्नाची साक्ष कोण काढणार? पण १९४४ मध्यें त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला, हें कागदोपत्रीं आहे. पेटंट त्याला पुढें मिळालें, आणि १९५७ मध्यें त्यानें हनीबेक्ड हॅम कंपनी काढली.

युक्ति सोपी आहे. हॅम हाडाच्या रेषेंत उभें पकडून फिरवावयाचें, पातें हाडाला भिडेपर्यंत आंत जाऊं द्यावयाचें, आणि प्रत्येक फेऱ्याला एका कापाच्या जाडीइतकें अंतर सरकावयाचें. मळसूत्राचा आटा पडतो तसा काप पडत जातो. हाड अडचण होतें, तेंच येथें आंस झालें! घरीं हाडालगत एकदां सुरी फिरविली, कीं एकसारखे काप आपोआप सुटतात, आणि प्रत्येकाला कडेच्या गोड लेपाची एक किनार मिळते.

याची किंमतही द्यावी लागते. आधींच कापलेलें मांस गरम करतांना लवकर सुकतें, म्हणून तें झांकून मंद आंचेवर ठेवावें लागतें. आणि वडिलांनीं मुलाच्या हातीं सुरी देऊन मनगट कसें वळवावें हें दाखवावें, तो प्रसंगही कित्येक घरांतून हरपला. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत पाहा. त्या घरांत आतां म्हातारी आजी वाढूं शकते, लहान मुलगी वाढूं शकते, आणि शेवटच्या पाहुण्याला पहिल्यासारखाच काप मिळतो. एका मनुष्याचें कौशल्य गेलें, आणि समान वांटा सर्वांना आला.

हॅम आपलें नसेल. पण पुरणयंत्र घरांत आलें आणि पाट्यावरचा पुरणाचा हात गेला, तेव्हां हाच हिशेब आपल्याही स्वयंपाकघरांत मांडला गेला होता. तो मांडतांना गेलेल्या हाताची आठवण ठेवावी, आणि विसावा मिळालेल्या हाताचीही.