भुकेच्या कादंबऱ्या आणि भुकेचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घटमांडणी होते. मध्यभागी घागर, भोवती धान्याचे दाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पाऊस-पिकाचे भाकीत सांगितले जाते. उद्याची धास्ती आमच्या मातीला नवी नाही.

आज आमच्या मुलांना ती धास्ती कादंबऱ्यांतून भेटते. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) बारा जिल्ह्यांतील मुलांना चिठ्ठ्या टाकून निवडले जाते व राजधानीच्या करमणुकीसाठी मरेपर्यंत झुंजवले जाते. भूक हे तेथे राज्यकर्त्यांचे शस्त्र आहे. अन्याय ओळखण्याची दृष्टी ही कथा तरुणांना देते. तिचे आकर्षण आम्ही नाकारीत नाही. अखेरच्या भागात (२०१०) लेखिका बंडखोरांचा सत्तालोभही दाखवते.

उणीव आहे ती अन्यत्र. तेथील भुकेला चेहरा आहे, म्हणून एका मुलीच्या बाणाला लक्ष्य सापडते. वऱ्हाडाचा इतिहास तसा नाही. १८९९ साली पाऊस रुसला आणि त्या दुष्काळात असंख्य माणसे सरकारी कामांवर खडी फोडून जगली. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली. त्यांत बुलढाणा होता. पाऊस, कर्ज आणि बाजारभाव यांपैकी बाण कोणावर सोडावा?

मुलांनी या कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात. मात्र पुस्तक मिटल्यावर शेजारची चूल पेटली आहे की नाही, हेही पाहावे, एवढीच आमची विनंती.